ओसरीवरून : पायाखालीं स्लॅब असलेलीं अक्षरें

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका अक्षरावरून वाद झाला. अक्षर म्हणजे कोणाचें हस्ताक्षर नव्हे, कीं कोणाच्या पत्रांतील बोलही नव्हे. छापील अक्षराचें वळण कसें असावें, एवढ्यापुरताच तो वाद होता. परंतु तीन पिढ्या एका छपराखालीं नांदत असल्या म्हणजे वादाला विषय लहानसाही पुरतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

प्रकार असा झाला. आमचा डावा डोळा लहानपणापासून अधू. सगळी भिस्त उजव्यावर. दोन वर्षांपूर्वीं त्या उजव्या डोळ्याच्या पडद्याची ऐन मध्यभागीं झीज सुरू झाली. डॉक्टरांनीं सांगितलें कीं इंजेक्शनांनीं ती थोपवून धरण्याचा प्रयत्न करतां येईल, परंतु जें गेलें तें परत येणार नाहीं. तेव्हांपासून पुस्तक हातांत घेतलें कीं ओळीच्या मधोमध एक धुरकट ठिपका येऊन बसतो, आणि नेमका जो शब्द आम्ही वाचूं पाहतों तोच गिळून टाकतो. छत्तीस वर्षें मुलांना वाचावयास शिकविणाऱ्या माणसाला स्वतः अडखळत वाचावें लागणें याचें दुःख काय असतें, तें आम्ही येथें उगाळीत बसत नाहीं. सूनबाईंनीं तें न सांगतां ओळखलें, व आमच्या वाढदिवसाला किंडल नांवाचें वाचनयंत्र आणून दिलें. दिसावयास तें पाटीसारखें आहे. त्यांत शेंकडों पुस्तकें मावतात व अक्षर हवें तेवढें मोठें करतां येतें.

यंत्राची मांडामांड करावयास नातू बसला. "आजोबा, अक्षर कोणतें ठेवूं?" असें म्हणून त्यानें सात-आठ नांवांची यादी आमच्यापुढें धरली. आम्हीं बास्करव्हिल हें नांव निवडलें, आणि तें सकारण निवडलें. जॉन बास्करव्हिल हा अठराव्या शतकांतील बर्मिंगहॅमचा मुद्रक. १७५७ मध्यें त्यानें व्हर्जिलचीं काव्यें छापलीं व त्या छपाईनें त्याचें नांव झालें. परंतु मुद्रक होण्यापूर्वीं हा गृहस्थ मुलांना अक्षर घटवून देणारा मास्तर होता. आमच्या जातीचा माणूस! त्याच्या अक्षरांत उभी रेघ भरदार, आडवी रेघ नाजूक. बोरूला तिरका छाट देऊन कित्ता काढावा तसा त्यांतील जाड-बारीकपणा. आम्ही आनंदानें वाचावयास बसलों, आणि दुसऱ्याच पानावर थांबलों. भरदार रेघा दिसत होत्या, नाजूक रेघा त्या ठिपक्यांत विरघळून जात होत्या. इंग्रजी ई या अक्षराच्या पोटांतील बारीक आडवी रेघ नाहींशी झाली कीं त्याचा सी होतो. असे दहा सी एका ओळींत आले म्हणजे ओळीचा अर्थ लावीत बसावें लागतें. आम्हीं यंत्र मिटून ठेवलें व डोळ्यांना थकवा आला आहे असें घरांत सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं पुन्हां तेंच पुस्तक उघडलें, आणि काय आश्चर्य! एकामागून एक बारा पानें वाचून झालीं. तेराव्या पानावर आमच्या ध्यानांत आलें कीं अक्षर निराळें आहे. नातवानें आम्हांस न विचारतां तें बदललें होतें. त्याचें नांव सीसिलिया. प्रत्येक अक्षराच्या पायाशीं आडवी पट्टी, आणि ती पट्टी जवळजवळ उभ्या रेघेइतकीच जाड. आम्हांस वाचतां आलें याचा आनंद व्हावयास हवा होता. परंतु मास्तराची खोड जात नाहीं. "हें दुकानाच्या पाटीवरचें अक्षर आहे, पुस्तकाचें नव्हे," असें आम्ही बोलून गेलों, आणि तेथून वाद पेटला. धाकटे बंधु आमच्या बाजूचे. सूनबाई विरुद्ध. सौभाग्यवती म्हणाल्या, "दिसतंय ना? मग झालं तर!" त्यांचा हा निर्णय आम्हांस त्या वेळीं फारच ढोबळ वाटला. पुढें महिनाभर या अक्षराचें कुळ-मूळ शोधीत बसलों तेव्हां कळलें कीं "दुकानाच्या पाटीवरचें" हें आमचें म्हणणें इतिहासाच्या दृष्टीनें अगदीं बरोबर होतें, आणि तरीही वादांत आमचीच बाजू लंगडी होती. तो शोध वाचकांपुढें ठेवावा म्हणून हा प्रपंच.

प्रथम वस्तु समजून घेऊं. आपलीं देवनागरी अक्षरें शिरोरेषेला टांगलेलीं असतात. रोमन अक्षरें जमिनीवर उभीं राहतात. उभें राहावयाचें म्हणजे पाय आले. छापील रोमन अक्षराच्या रेघेच्या टोकाला जी आडवी पट्टी असते तिला सेरिफ म्हणतात. कांहीं वळणांत ती केसासारखी बारीक असते, कांहींत निमुळती होत जाते, कांहींत मुळींच नसते. आणि एका कुळांत ती चांगली जाड, ठोकळ्यासारखी असते. या कुळाला इंग्रजींत स्लॅब सेरिफ असें नांव आहे. स्लॅब हा शब्द आतां मराठीच झाला आहे. गांवांत कोणाचा स्लॅब पडला म्हणजे पेढे वांटतात. इमारतीचा स्लॅब माथ्यावर असतो. या अक्षरांना तो माथ्यावर असतो आणि पायाखालींही असतो, एवढाच काय तो भेद.

हें कुळ फार जुनें नाहीं. पश्चिमेकडे मुद्रणकला सुरू झाल्यावर साडेतीनशें वर्षेंपर्यंत अक्षरांच्या पायांत असा ठोकळा घालण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं, कारण छपाईचें मुख्य काम पुस्तकांचें होतें, आणि पुस्तक वाचणारा माणूस तें हातांत घेऊन, बसून वाचतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनमध्यें निराळाच वाचक उत्पन्न झाला. तो बसत नव्हता, चालत होता. कारखाने निघाले, माल वाढला, तो खपविण्यासाठीं भिंतीभिंतींवर जाहिराती लागूं लागल्या. त्या काळीं तेथें सरकारी लॉटरी चाले. ती १८२६ मध्यें बंद झाली, परंतु बंद होण्यापूर्वीं तिच्या जाहिरातींनीं रस्ते भरून गेले होते. चालत्या माणसाला थांबवावयाचें तर अक्षर ओरडलें पाहिजे. प्रथम अक्षरकारांनीं जुन्याच अक्षराची उभी रेघ फुगवून पाहिली. अक्षराचें पोट फुगलें, पण टोकांच्या पट्ट्या पूर्वींसारख्या केसासारख्याच राहिल्या. पहिलवानाच्या पायांत बाहुलीच्या चपला घालाव्या तसें तें दिसे. शिवाय घाईच्या छपाईंत त्या बारीक रेघा उमटतां उमटत नसत.

लंडनचा विन्सेंट फिगिन्स नांवाचा खिळे ओतणारा होता. १८१५ च्या सुमारास त्याच्या नमुनापुस्तकांत एक नवें वळण दिसूं लागलें. त्यांत पायाची पट्टीही उभ्या रेघेइतकीच जाड केली होती. अक्षरें फक्त मोठ्या लिपींतलीं, म्हणजे कॅपिटल. त्यांना त्यानें अँटिक, म्हणजे प्राचीन, असें नांव दिलें. जें काल जन्मलें त्याला प्राचीन म्हणावयाचें, हा व्यापाऱ्यांचा धंदा सर्व देशांत सारखाच! पुढें रॉबर्ट थॉर्न या दुसऱ्या कारखानदाराचा कारखाना त्याच्या मृत्यूनंतर विल्यम थॉरोगुडनें विकत घेतला व १८२१ च्या नमुनापुस्तकांत अशाच अक्षरांना इजिप्शियन हें नांव दिलें. तें नांव असें चिकटलें कीं आजही या सर्व कुळाला इजिप्शियन म्हणणारे लोक आहेत.

इजिप्तचा संबंध काय? संबंध एवढाच कीं त्या दिवसांत सगळीकडे इजिप्तचें वेड होतें. नेपोलियन १७९८ मध्यें तेथें स्वारीवर गेला. १७९९ मध्यें रोझेटा येथें तो प्रसिद्ध शिलालेख सांपडला, आणि १८०२ पासून तो लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें लोकांना पाहावयास मिळूं लागला. जें जें भक्कम, अवजड, दगडी, तें तें इजिप्शियन. गंमत अशी कीं १८१६ मध्यें विल्यम कॅस्लन नांवाच्या अक्षरकारानें ज्या अक्षरांना इजिप्शियन म्हटलें होतें त्यांना मुळीं पट्टीच नव्हती. म्हणजे पाय असलेलें तेंही इजिप्शियन, पाय नसलेलें तेंही इजिप्शियन. अंध आणि गज यांच्या न्यायाची गोष्ट आपण मुलांना सांगतों. येथें तर हत्ती घरांत नसतांनाच त्याचें नांव ठेवून झालें होतें.

जाहिराती मोठ्या झाल्या तसे खिळेही मोठे हवेसे झाले. शिशाचा खिळा वीतभर उंच केला तर तो जड होतो, आणि निवतांना त्याचा पृष्ठभाग सर्वत्र सारखा राहत नाहीं. तेव्हां न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सनें १८२७ च्या सुमारास लाकडाचीं अक्षरें यंत्रानें कोरण्याची युक्ति काढली, आणि त्यापुढें अमेरिकेंतील सर्कशी, नाटकें, लिलांव आणि फरारी गुन्हेगार यांच्या जाहिरातींत या ठोकळेपायी अक्षरांचें राज्य झालें. संस्कृत शिकलेल्या वाचकांस येथें घुणाक्षरन्याय आठवल्यावांचून राहणार नाहीं. किडा लाकूड खात जातो व त्यांत अकल्पित अक्षरासारखी आकृति उठते, असा तो न्याय. वेल्सचें यंत्र हा असा किडा होता कीं ज्याला काय कोरावयाचें तें नीट ठाऊक होतें.

येथपर्यंत आमचेंच म्हणणें खरें ठरत होतें. हें ओरडणारें, बाजारी अक्षर; पुस्तकांत त्याला काय काम? परंतु १८४५ मध्यें एक गोष्ट घडली, आणि ती वाचून आम्ही थोडे गप्प झालों.

लंडनच्या फॅन स्ट्रीटवरील त्याच कारखान्यांत, म्हणजे जेथें पूर्वीं थॉर्न व थॉरोगुड होते तेथें, रॉबर्ट बेस्ली नांवाच्या भागीदारानें बेंजामिन फॉक्स या कारागिराकडून एक नवें अक्षर कोरवून घेतलें. जात तीच, पण संस्कार झालेले. उभ्या रेघेंतून पायाची पट्टी काटकोनांत तुटक निघत नाहीं. दोहोंच्या मध्यें लहानशी गोलाई आहे, जसा झाडाचा बुंधा मुळांत उतरतो. रेघांच्या जाडींत थोडा भेद ठेवलेला. या अक्षराला ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन मुद्रणालयावरून क्लॅरेंडन असें नांव दिलें. तेव्हां इंग्लंडांत नमुने नोंदविण्याचा नवा कायदा झाला होता, त्याखालीं बेस्लीनें तें नोंदविलें व तीन वर्षांचें संरक्षण मिळविलें. तीन वर्षें संपतांच इतर कारखानदारांनीं त्याच्या नकलांचा पाऊस पाडला. (बेस्लीचें त्यामुळें फार अडलें असें दिसत नाहीं. हा खिळे ओतणारा पुढें १८६९ मध्यें लंडनचा लॉर्ड मेयर झाला!)

या क्लॅरेंडनचें काम काय? त्याचें काम ओरडण्याचें नव्हतें. हळूच बोट दाखविण्याचें होतें. आज आपण छापील मजकुरांत एखादा शब्द ठळक पाहतों व त्यांत कांहीं विशेष आहे असें आपल्यास वाटत नाहीं. परंतु त्यापूर्वीं साध्या मजकुराच्या ओळींत बसेल असा, त्याच उंचीचा पण गडद खिळा जुळाऱ्यांजवळ नव्हता. शब्द उठवून दाखवावयाचा तर तो तिरक्या अक्षरांत किंवा कॅपिटलांत घालीत. कोशाच्या पानावर शेंकडों शब्द असतात. त्यांतील अर्थ द्यावयाचे शब्द कोणते व अर्थ सांगणारे कोणते, हें डोळ्याला क्षणांत कळलें पाहिजे. आगगाडीच्या वेळापत्रकांत, किंमतींच्या यादींत, शाळेच्या व्याकरणांत हीच अडचण. क्लॅरेंडननें ती दूर केली, आणि इतकी दूर केली कीं पुढें पुष्कळ दिवस मुद्रकांच्या भाषेंत ठळक अक्षराला कोणतेंही वळण असो, क्लॅरेंडनच म्हणत. आम्हीं शाळेंत इंग्रजी व्याकरण शिकविलें तें नियम जाड अक्षरांत व उदाहरणें साध्या अक्षरांत असलेल्या पुस्तकांवरून. मुलांना "जाड अक्षरांतलें पाठ करा" असें आम्ही किती वेळां सांगितलें असेल त्याची गणती नाहीं. ज्याचे हे उपकार, त्याला आम्ही दुकानाची पाटी म्हणालों!

आतां त्याहून मोठ्या उपकाराची गोष्ट सांगावयाची आहे. तिच्यासाठीं टायपरायटरकडे वळलें पाहिजे.

बंदुका बनविणाऱ्या रेमिंग्टन कंपनीनें १८७४ मध्यें अमेरिकेंत टायपरायटर विक्रीस आणला. आपल्याकडे गोदरेज कंपनीनें १९५५ मध्यें आपला टायपरायटर काढला, आणि कोर्टाच्या आवारांत, कचेऱ्यांत, टायपिंगच्या क्लासांत त्याची टकटक दोन पिढ्यांनीं ऐकली. या यंत्राचा एक नियम आहे. कोणतीही कळ दाबा, गाडी सारखीच सरकते. साधारणतः एका इंचांत दहा किंवा बारा अक्षरें बसतात. म्हणजे इंग्रजी एम हें तीन पायांचें लठ्ठ अक्षर आणि आय हें काडीसारखें अक्षर या दोघांनाही सारखीच खोली. एमला अंग चोरून बसावें लागतें आणि आयच्या दोन्ही बाजूंना ओसाड जागा पडते. अशी काडी ओळीभर विखुरली म्हणजे शब्द दांत पडल्यासारखा दिसतो. यावर तोडगा म्हणून आयला व एलला लांबरुंद पट्ट्या दिल्या. पाय पसरून बसला कीं लहान माणूसही जागा भरून काढतो. दुसरें असें कीं हातोडी रिबनवर आदळून ठसा उमटतो. त्या आघातांत बारीक रेघ कागद कापते किंवा उमटतच नाहीं. म्हणून सगळ्या रेघा एका जाडीच्या. अशा रीतीनें भिंतीवरचें अक्षर कचेरींत नोकरीस लागलें. १९५० नंतरच्या दशकांत आय. बी. एम. कंपनीसाठीं हॉवर्ड केटलर यानें काढलेलें कुरिअर हें त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे कागद २००४ पर्यंत त्याच वळणांत निघत, आणि तिकडील चित्रपटांच्या पटकथा आजही त्याच वळणांत लिहितात, कारण त्या मापाचें एक पान म्हणजे पडद्यावर अदमासें एक मिनिट, असा हिशेब बसला आहे.

आमची गोष्ट याच अक्षराची आहे. १९८० सालच्या जून महिन्याच्या ११ तारखेस आम्ही शिक्षक म्हणून रुजू झालों. आमचे एक सहकारी त्याच शाळेंत १३ तारखेस आले. दोघेही नवखे, एकाच खोलींत बिऱ्हाड, एकाच स्टोव्हवर चहा. रुजू झाल्याचा इंग्रजी अर्ज शाळेसमोरच्या टायपिंग क्लासांत टंकून घेतला होता. मूळ प्रत व पहिली कार्बन प्रत कचेरींत गेली, दुसरी कार्बन प्रत शिक्का मारून आमच्या हातीं आली. ती आम्हीं ट्रंकेंत टाकली व विसरलों.

एकूणतीस वर्षांनीं मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. ज्येष्ठतेची यादी लागली, आणि तींत आमचें नांव सहकाऱ्यांच्या खालीं! चौकशी केली तेव्हां असें कळलें कीं सेवापुस्तकांत आमची रुजू होण्याची तारीख १७ आहे. वास्तविक तेथें शाईनें इंग्रजी अकराच लिहिले होते. लिहिणाऱ्या लेखनिकाला एकाच्या आंकड्याला डोक्यावर लांब चोंच काढण्याची हौस. पहिला एक बरा उतरला, दुसऱ्याची चोंच एवढी लांबली कीं त्याचा सात झाला. कचेरींतील मूळ अर्ज कोठें गेला तें कोणास सांगतां येईना. दोनदां हेलपाटे घातले. "पुस्तकांत आहे तेंच खरें" असें उत्तर मिळालें. मुलांना सुवाच्य अक्षराबद्दल छड्या मारलेल्या माणसावर दुसऱ्याच्या एका चोंचीमुळें ही पाळी आली. हंसावें कीं रडावें, तें कळेना.

शेवटीं ट्रंक उपसली. ती दुसरी कार्बन प्रत निघाली. कागद पातळ, पिंवळा, घडीवर फाटलेला. अक्षरें धुरकट जांभळीं. सुनावणीच्या दिवशीं ती टेबलावर ठेवली तेव्हां समोरच्यांनीं प्रथम मान हलविली. मग त्यांतील एका वृद्ध गृहस्थांनीं भिंग मागविलें. जुन्या इंग्रजी टायपरायटरांपैकीं पुष्कळांवर एकाच्या आंकड्याची कळच नसे; त्याऐवजीं लहान एल उठवीत. आणि एल म्हटला कीं पायाखालीं ती लांबरुंद पट्टी आली. आमच्या त्या कागदावर दोन एल शेजारीं शेजारीं, जमिनीवर पाय रोवून उभे होते. त्याच कागदावर वर अर्जाच्या क्रमांकांत सात हा आंकडा होता. त्याची तंगडी तिरपी, खालीं पट्टीचें नांव नाहीं. भिंग एकदां वर गेलें, एकदां खालीं आलें, आणि निकाल लागला.

आम्ही मुख्याध्यापक झालों. सहकाऱ्यांनीं सर्वांच्या आधीं येऊन हार घातला. परंतु त्यानंतर पुष्कळ दिवस ते संध्याकाळीं फिरावयास आले नाहींत, आणि आम्हांसही त्यांच्या दारावरून जातांना पाऊल जड होई. त्यांच्या घरीं पेढे आणून ठेवले होते, हें आम्हांस मागाहून कळलें. न्याय झाला हें खरें. पण ती जागा आपल्यालाच मिळणार हें त्यांनीं कांहीं खोटेपणानें मानलें नव्हतें. तेंही एका चोंचीनेंच त्यांना सांगितलें होतें.

असो. पुन्हां मूळ विषयाकडे येऊं. १९२९ नंतरच्या पांच-सहा वर्षांत जर्मनी, इंग्लंड व अमेरिका येथें या कुळाची दुसरी लाट आली. मेम्फिस, कैरो, कर्नाक अशीं इजिप्तमधील गांवांचीं नांवें त्यांना दिलीं, म्हणजे शंभर वर्षांपूर्वींचा तो गैरसमज अजून फळेंच देत होता. १९३४ मधील रॉकवेल हें त्यांतलें पुष्कळांच्या पाहण्यांतलें. तें कंपासानें व पट्टीनें काढल्यासारखें आहे: ओ म्हणजे पुरें वर्तुळ, पाय म्हणजे रुळांखालचे लांकडी ओंडके. मथळ्याला तें शोभतें. त्यांत सबंध पुस्तक मात्र आमच्यानें वाचवणार नाहीं. डोळा प्रत्येक ओंडक्याला ठेंचाळतो. या कुळाला व्यापाऱ्यांचा लोभ अजून आहे. सोनी कंपनीच्या नांवाचीं अक्षरें पाहा, आय. बी. एम. कंपनीचीं तीन अक्षरें पाहा, जीं पॉल रँड यानें १९५६ मध्यें सिटी नांवाच्या जर्मन वळणावरून बेतलीं. दोन्ही घरोघर ठाऊक आहेत. लंडनच्या गार्डियन वर्तमानपत्रानें तर २००५ मध्यें बातम्यांच्या मजकुरापर्यंत हेंच कुळ नव्या रूपांत आणलें. लग्नपत्रिकेवर मात्र तें कोणीं घालूं नये. आमच्या पुतण्यानें घातलें होतें, आणि ती पत्रिका लिलांवाच्या नोटिशीसारखी दिसत होती.

आतां राहिली ती सीसिलिया, जिच्यावरून हें सगळें निघालें. तिची हकीगत वाचतांना आमचा उरलासुरला विरोध गळाला. हॉलंडमधील हेग शहराच्या राजकीय कला अकादमींत खेरिट नूर्डझाय नांवाचे एक शिक्षक होते. १९६० पासून तीस वर्षें त्यांनीं तेथें शिकविलें. २०२२ मध्यें ते वारले. त्यांचें सांगणें असें कीं अक्षर म्हणजे रेखाटलेली आकृति नव्हे, ती लेखणीची चाल आहे. रुंद टोंकाची लेखणी ज्या कोनानें धरावी त्याप्रमाणें रेघ जाड-बारीक होते, आणि सर्व छापील वळणांचें मूळ या हाताच्या हालचालींत आहे. म्हणजे आमचा बोरूच! बोरूचा छाट कसा द्यावा हें मुलांना शिकवितांना आम्ही जें बोलत होतों तेंच हे गृहस्थ हेगमध्यें बोलत होते, आणि आम्हांस परस्परांची वार्ता नव्हती. त्यांचे चिरंजीव पेटर मथियास यांनीं १९९० च्या सुमारास हें अक्षर पुरें केलें, आपल्या आद्याक्षरांना पत्नीचें नांव जोडून त्याचें नामकरण केलें. पायाखालचा स्लॅब त्यांनीं ठेवला. परंतु अक्षराच्या पोटांतील पोकळी, खांद्याची वळणें, हीं सगळीं लेखणीच्या चालीनें काढलीं. म्हणून तें अक्षर ठेंचाळत नाहीं, चालतें. किंडल यंत्र २००७ मध्यें निघालें तेव्हां त्याचा पडदा करड्या रंगाचा व भरड होता. बारीक रेघ त्यावर तुटून जाई. कित्येक वर्षें पुस्तकाचा मजकूर त्यावर सीसिलियांतच उघडे. मागाहून पडदा सुधारला व मुख्य अक्षर बदललें, तरी ज्यांना हवी त्यांच्यासाठीं सीसिलिया यादींत राहिली. पडदा सुधारला, आमचा पडदा बिघडला, तेव्हां त्या भरड पडद्यासाठीं केलेली तजवीज आमच्या उपयोगीं पडली.

एक उणीव राहते. हीं वळणें रोमन लिपीपुरतीं. मराठी पुस्तक उघडलें कीं यंत्र आपलें ठरलेलें देवनागरी अक्षर पुढें करतें, आणि आमचा ठिपका तेथें काना खातो, कोठें मात्रा खातो. 'बाळ' आणि 'बळ' यांत आम्हांस संदर्भावरून निवड करावी लागते. रेघांची जाडी जवळजवळ सारखी ठेवलेलीं देवनागरी वळणें आतां निघालीं आहेत. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचें मुक्ता हें अक्षर नातवानें आम्हांस त्याच्या संगणकावर दाखविलें. तें आम्हांस चांगलें वाचतां आलें. आमच्या यंत्रांत तें घालतां येईल काय, याची खटपट त्याची चालू आहे.

तोंपर्यंत आम्हीं सोय केली आहे. ते सहकारी, ज्यांची हकीगत वर आली आहे, रोज पांच वाजतां ओसरीवर येतात. त्यांचे डोळे अजून स्वच्छ आहेत, पण इंग्रजीचा त्यांना पहिल्यापासून कंटाळा. ते आम्हांस मराठी वर्तमानपत्र व एखादें पुस्तक वाचून दाखवितात; आम्ही त्यांना यंत्रावरून इंग्रजी वाचून त्याचा अर्थ सांगतों. काल त्यांनीं यंत्र हातांत घेऊन बराच वेळ निरखलें, आणि लहान एलवर बोट ठेवून विचारलें, "हाच का तो?"

"हाच," आम्ही म्हणालों. त्यांनीं यंत्र परत दिलें आणि चहा मागविला.